विचारा काकांना : टेअरच्या बटणावरचं बोट

सगळ्या वाचकांना सलाम. या महिन्यात पत्रं जरा जास्तच आली, व्हॉट्सॲपवर आली ती वेगळी, त्यातली निम्मी तर "काका प्रार्थनेत आठवण ठेवा" एवढीच होती, ती ठेवलीय. बाकीच्यातनं पाच निवडली. नावं-गावं नेहमीसारखी काढलीत, जिल्हा तेवढा ठेवलाय. आणि ज्यांना पोरापोरींची स्थळं पाहिजेत त्यांनी कृपा करून मला लिहू नका, त्यासाठी शेवटचं पान आहे.

प्रश्न : काका सलाम. मी मोंढ्यात एका आडतीवर काट्यावर असतो, नऊ वर्षं झाली. घरी आई, बायको, दोन लेकरं. सोयाबीनचा सीझन लागला की दिवसाला चारेकशे कट्टे माझ्या काट्यावरनं जातात. रिकामा कट्टा भरतो अर्धा-पाऊण किलो, पण बारदाना म्हणून एक किलो कापायचा, मातेऱ्याचं वेगळं. त्याच्यावर मालकानं सांगितलेलं असं की सकाळी दोनशे ग्रॅमचं वजन काट्यावर ठेवायचं, टेअरचं म्हणजे काटा शून्यावर आणायचं बटण दाबायचं आणि वजन काढून घ्यायचं, मग काटा उणे दोनशेवरनं चालू होतो. कट्टा पडायच्या आधी डिस्प्ले कोण बघतंय. सगळे आडते असं करत नाहीत पण आमच्याकडं करतात, म्हणजे मीच करायलोय. रविवारी मी चर्चमधी पेटी वाजवतो. गाणं चालू असताना कधी कधी तो उणे दोनशेचा आकडा डोळ्यासमोर येतो. काम सोडू का? सोडलं तर खायचं काय? पाळकसाहेबांना विचारायची हिंमत होईना म्हणून तुम्हाला लिहायलोय. (परभणी जिल्हा)

उत्तर : भाऊ, पेटी वाजवताना आकडा डोळ्यासमोर येतो हे वाचून मला बरं वाटलं, खोटं नाही सांगत. मला तर तो यायचाच नाही.

मी गाडीवर कंडक्टर होतो, ३१ वर्षं, जुन्या वाचकांना माहीत आहे. सुट्ट्या पैशाची बोंब तेव्हाही होतीच. तिकिटाच्या मागं पेननं "बाकी ७" लिहायचं आणि उतरताना घ्या म्हणायचं. उतरताना माणूस गडबडीत असतो, लेकरू कडेवर, डोक्यावर गाठोडं, खाली कोणीतरी न्यायला आलेलं, विसरतो. संध्याकाळी हिशोब भरला की वर चाळीस-पन्नास रुपये उरायचे. मी कोणाच्या खिशात हात घातला नाही, ते आपोआप राहिले, अशी माझी मी समजूत काढायचो, आणि हसू नका, त्यातनंसुद्धा मी चर्चला द्यायचा दशांश काढायचो. बरोबर दहावा हिस्सा, पाकिटात घालून.

एक दिवस भोकरदनच्या पुढं एका फाट्यावर एक म्हातारी चढली. पदराची गाठ सोडली, त्यातनं घडी घालून घालून चिंधी झालेलं तिकीट काढलं, तीन आठवड्यापूर्वीचं, मागं माझंच अक्षर, बाकी ७. म्हणली, "बाबा, त्या दिशी दळण तसंच वापस नेलं." बस एवढंच. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मी सात रुपये काढून दिले, ती मागं जाऊन बसली, आणि पुढं सिल्लोडपर्यंत मला कोणाच्या तोंडाकडं बघून तिकीट देता आलं नाही. त्या रविवारपासनं मी उपासना झाली की खजिनदाराला नोटा देऊन दानाच्या थैलीतली चिल्लर घ्यायला लागलो आणि सोमवारी गाडीवर न्यायला लागलो. आधीच्या सगळ्यांचं काय? ते परत करता आलं नाही. बायबलातला जकातदार जक्कय म्हणाला ज्याचं घेतलं त्याला चौपट देतो, पण त्याला माणसं माहीत होती, मला कुठं माहीत होती. ते ओझं अजून आहे.

आता तुमचा हिशोब. ४०० कट्टे गुणिले २०० ग्रॅम म्हणजे ८० किलो. साडेचार हजाराचा भाव धरला तरी रोजचे ३,६०० रुपये. तुमच्याकडं कोरडवाहू एकरात पाचेक क्विंटल निघालं तर माणूस खुश असतो, म्हणजे दर सहा दिवसाला तुमच्या एका बोटाखाली एक एकर सोयाबीन गायब होतंय. पेरणी, खत, फवारणी, काढणी, मळणी सगळं करून आणलेलं एक एकर. मी हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही, मालकाला हे गणित तोंडपाठ आहे, तुम्हालाही असावं म्हणून लिहितोय.

पवित्र शास्त्रात काट्यावर किती लिहिलंय ते बघून आपण आश्चर्य करू. अनुवाद नावाच्या पुस्तकात मोशे म्हणतो थैलीत एक जड आणि एक हलकं अशी दोन वजनं ठेवू नकोस. नीतिसूत्रांत आहे की खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे. आणि आमोस, तो तर मेंढरं राखणारा, उंबरांची निगा करणारा माणूस, शेतकऱ्याच्या बाजूचाच, तो आठव्या अध्यायात व्यापाऱ्यांना धरतो की शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, कधी संपतो आणि आम्ही धान्य विकायला कधी काढतो असं तुम्हाला झालंय, माप लहान करायला, वजन मोठं करायला, आणि गव्हाबरोबर भुसकट विकायला. म्हणजे बघा, ते लोक शब्बाथ पाळत होते. दुकान बंदच होतं. पेटी वाजवणारापण त्यांच्यात कोणीतरी असणार.

आता काम सोडू का. लूकच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडं आले आणि त्यांनी हाच प्रश्न विचारला, आम्ही काय करावं. मला वाटायचं तो म्हणेल सोडा ते नाके, बाप्तिस्मा घ्या आणि शेती करा. तो म्हणाला, ठरवून दिलंय त्याच्यापेक्षा जास्त घेऊ नका. बस. म्हणून तुम्ही पण उद्या राजीनामा फेकू नका. मोंढ्यात काट्यावर एक सरळ माणूस पाहिजेच आहे, तो देवानं तिथं आधीच ठेवलेला असेल तर कशाला उठवायचा. पण बटण उद्यापासनं दाबायचं नाही. याला मुदत नाही, थोडं थोडं कमी करू असलं काही नाही.

बारदान्याचं मालकाशी बोलावं लागेल. बाजार उठला, हमाल गेले, तो एकटा गल्ल्यावर बसलाय अशा वेळी दहा रिकामे कट्टे एकावर एक काट्यावर ठेवा आणि आकडा त्यालाच वाचू द्या. भाषण नको, शास्त्रातलं वचन तर मुळीच नको, तुम्ही त्याचे पाळक नाही. म्हणा, शेठ, कापायचं तर हे एवढं कापू, आणि काटा मी शून्यावर ठेवणार, बाकी कामात माझी काही तक्रार नाही. दरवर्षी वैधमापनवाले येऊन काटा तपासतात, शिक्का मारतात, हे त्याला माहीत आहे, आणि शिक्का काट्याला असतो, बोटाला नसतो, हे पण त्याला माहीत आहे. तो चिडेल. कदाचित दोन दिवस बोलणार नाही. कदाचित म्हणेल जा.

जा म्हणाला तर? किंवा काट्यावरनं उठवून पट्टी लिहायला बसवलं तर? पट्टीवर पण तोच कापलेला आकडा लिहायचाय, तिथं सुटका नाही. म्हणून आतापासनं दुसरं बघायला लागा आणि एक तारीख धरा, माझं म्हणणं पाडव्याच्या आत, नाहीतर बघू बघू करत आणखी नऊ वर्षं जातात, मी स्वतः घालवलीत. आणि पाळकसाहेबांना सांगा. त्यांना नाही जमलं तर चर्चच्या वडीलमंडळीतल्या एकाला सांगा. आपल्या मंडळ्यांत साक्ष ऐकून हालेलूया म्हणणारे भरपूर, पण काम गेलेल्याच्या घरात तीन महिने गहू-तेल टाकणारे फार थोडे, आणि जे आहेत त्यांना कळायला तर पाहिजे की टाकायचंय. शेतकरी वाचकांनो, तुम्ही एक करा, कट्टा ठेवायच्या आधी रिकाम्या काट्यावर शून्य आहे का तेवढं बघत जा. कोणाला काही म्हणायची गरज नाही, नुसतं बघा.

प्रश्न : काका, मी नांदेडला एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, आयसीयूला. महिन्यातले दोन रविवार तरी ड्यूटी लागतेच. सासूबाई म्हणतात तुझा विश्वास थंड पडला, महिला मंडळात पण टोमणे मारतात. मला स्वतःलाच वाटायला लागलंय की मी देवाची काहीच सेवा करत नाही, ना शब्बाथ शाळा ना घरभेटी. काय करू? (नांदेड)

उत्तर : पोरी, लूकच्या चौदाव्यात येशूनं परूश्यांना विचारलं की तुमचा बैल शब्बाथ दिवशी विहिरीत पडला तर लगेच काढत नाही का. कोणाला उत्तर देता आलं नाही. बैलासाठी चालतं तर व्हेंटिलेटरवरच्या माणसासाठी चालतंच की, त्यात मला काही अवघड दिसत नाही.

अवघड आहे ते त्या "सेवा" शब्दाचं. बाहेर सगळं जग नर्सच्या कामाला सेवा म्हणतं, फक्त आपल्याच चर्चमधी सेवा म्हणलं की माईक डोळ्यासमोर येतो. यापोतल्या टबीथाची गोष्ट परत एकदा वाच, प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात. ती मेली तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला काय दाखवतात? तिनं शिवलेले अंगरखे. ती कुठं बोलली, काय बोलली, त्याची एक ओळ नाही, टाके तेवढे राहिले. आपल्या इकडचंच बघायचं तर पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनात दुष्काळातनं आलेल्या पोरी शेत करत होत्या, माग चालवत होत्या, छापखान्यात खिळे जुळवत होत्या, रमाबाईंनी मूळ भाषांतनं मराठीत आणलेलं बायबल त्याच हातांनी छापलं. खिळे जुळवणारीला कोणी विचारलं असेल का की बाई तुझी सेवा कुठंय?

पण एक सांगतो, रविवार चुकतो म्हणून संगतच सोडलीस असं करू नकोस. आठवड्यात एखादा दिवस दोन जणी ठरवा, अर्धा तास, चहा घेत घेत प्रार्थना. एकटीनं आयसीयू सोसत नाही, मी बायकोच्या आजारपणात ते बाहेरच्या बाकड्यावर बसून बघितलंय, तुम्ही पोरी तिथं काय काय उचलता ते. आणि सासूबाईंशी वाद घालू नकोस. ड्यूटीवरनं आलीस की एका पेशंटबद्दल सांग, नाव न घेता, आणि म्हण आई यांच्यासाठी प्रार्थना करा. चार-पाच वेळा असं झालं की त्याच तुला विचारतील, त्या म्हाताऱ्या बाबाचं काय झालं गं.

पाळकमंडळी हे वाचत असतील तर शनिवारी संध्याकाळी एक छोटी उपासना ठेवा की. नर्सेस आहेत, पोलीस आहेत, पेट्रोल पंपावरची पोरं आहेत.

प्रश्न : आदरणीय काका, माझं वय २७. बीड जिल्ह्यातला आहे, संभाजीनगरला कॉट बेसिसवर राहून पाच वर्षांपासून एमपीएससी करतोय. दोनदा पूर्व निघाली, मुख्य नाही. तीन वर्षांपूर्वी एका सभेत बाहेरगावच्या एका प्रचारकानं माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की दोन वर्षांत लाल दिव्याच्या गाडीत बसशील, देवानं तुला मोठ्या उद्देशासाठी निवडलंय. तेव्हापासून यिर्मया २९:११ माझ्या टेबलासमोर चिटकवलेलं आहे. आईवडील दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, तिथनं पैसे पाठवतात. मधी एका दुकानात अकाउंटचं काम मिळत होतं पण मनाला वाटलं हे माझ्यासाठी नाही. माझ्या आयुष्याबद्दल देवाची योजना नेमकी काय आहे हे कसं ओळखावं? (बीड जिल्हा)

उत्तर : बाळा, आधी लाल दिव्याचं मिटवून टाकू. तो १ मे २०१७ पासनं गाड्यांवरनं निघाला, त्या प्रचारकाला कोणी कळवलं नसावं.

आता यिर्मया. २९:११ आपल्याकडं कॅलेंडरवर, कपावर, रिक्षाच्या मागं, सगळीकडं आहे. देव म्हणतो तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. खरंच आहे. पण तुझ्या टेबलासमोर ती एकच ओळ आहे, तिच्या वरच्या दहा ओळी नाहीत, आणि मला वाटतं तुझं उत्तर त्या वरच्या ओळींत आहे. ते एक पत्र आहे. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं यरुशलेमहून पाठवलेलं. त्या लोकांना पण तुझ्यासारखंच वाटत होतं की हे काही खरं जगणं नाही, आज ना उद्या आपण परत जाऊ, मग खरं सुरू होईल, तोपर्यंत सामान बांधूनच बसू. आणि देव त्यांना काय लिहितो? घरं बांधा आणि त्यात राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, लेकरं होऊ द्या. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. बाबेलच्या भल्यासाठी! शत्रूच्या शहरासाठी. आणि मग दहाव्या ओळीत, सत्तर वर्षांनी मी तुम्हाला आणीन. अकरावी ओळ त्या सत्तर वर्षांच्या नंतर येते बाळा. ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यातले बहुतेक जण परत गेलेच नाहीत, त्यांच्यासाठी देवाची योजना म्हणजे ती बाग होती.

अजून एक अध्याय मागं जा, अठ्ठावीसवा. तिथं हनन्या नावाचा संदेष्टा देवळात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येणार. दोन वर्षं! तुझ्या प्रचारकाचा पण आकडा तोच, मला ते वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. हनन्यानं यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडून टाकलं, लोकांना किती बरं वाटलं असेल. यिर्मया म्हणाला, तू लाकडाचं मोडलंस, आता लोखंडाचं येईल. हनन्या दोन महिन्यांत वारला. तुझ्या प्रचारकाला काही होवो असं मला म्हणायचं नाही, देव त्याला सुखी ठेवो, पण तो गाडीत बसून गेला आणि तुझं जू लोखंडाचं झालं. तीन वर्षं झाली, त्याचं दोन वर्षांचं बोलणं चुकलं, हे तू स्वतःला एकदा मोठ्यानं सांग. देव चुकला नाही, तो माणूस चुकला.

परीक्षा सोड असं मी म्हणत नाही. खुल्या गटाला वय ३८ पर्यंत चालतं, पण चालतं म्हणून ३८ पर्यंत बसायचं असं थोडंच असतं. अजून एक प्रयत्न दे, पण काम धरून दे. ते अकाउंटचं काम तुझ्यासाठी नाही असं तुझं मन म्हणलं, म्हणजे कोण म्हणलं? योसेफानं पोटीफरच्या घरचा कारभार बघितला, मग तुरुंगाचा बघितला, तेव्हा त्याला कुठं माहीत होतं की पुढं मिसर देशाची कोठारं बघायचीत. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहून तंबू शिवत होता, दीड वर्ष राहिला त्या गावात, तेवढ्यात तंबू शिवणं देवाच्या योजनेत बसतं का असं त्यानं कोणाला विचारल्याचं लिहिलेलं नाही.

आणि जालन्याकडं कधी गेलास तर बेथेलला जाऊन ये. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं गाव. निजामाचं राज्य, दिवाण सालारजंग, त्यांच्याकडनं जमीन मिळवली आणि ज्यांना गावकुसाच्या आत जागा नव्हती अशा माणसांसाठी तिथं घरं, विहिरी, शाळा, शेती आणि चर्च उभं केलं. यिर्मयाचं पत्र त्यांनी आपल्या मराठवाड्यात शब्दशः अमलात आणलं म्हण की. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल, तर लोक आपले शेतात.

एक काम तुला आत्ताच देतो, आणि हे देवाच्या योजनेत आहे याबद्दल मला जराही शंका नाही. आईवडलांनी मुकादमाकडनं उचल किती घेतली, यंदा दोघांच्या कोयत्यानं किती टन ऊस तोडला, दर काय लागला, मुकादमाचं कमिशन कुठं धरलं, उचलीतले किती फिटले, हे कधी कागदावर मांडलंस का? पाच वर्षं अंकगणित आणि बुद्धिमत्ता सोडवतोयस. एकदा कारखान्यावर जा, त्यांच्या कोपीत दोन रात्री राहा, आणि तो हिशोब मुकादमासमोर बसून वाच. पहाटे चारला आई उठून गाडी भरायला निघते ते बघितलंस की टेबलासमोर काय चिटकवायचं ते तुझं तू ठरवशील.

प्रश्न : आमच्या रस्त्यानं आषाढात पंढरपूरला दिंड्या जातात. यंदा आमच्या तरुण संघानं पाणी आणि पायाला लावायला तेल, मलमपट्टी असं ठेवलं होतं. दोन ज्येष्ठ म्हणाले हा मूर्तिपूजेला हातभार आहे. बरोबर केलं का चूक? पुढच्या वर्षी सोबत पत्रिका वाटल्या तर चालेल का? (बीड जिल्हा)

उत्तर : बरोबर केलं. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर चालत आलेल्या बाईच्या टाचेला भेग पडली असेल तर ती भेग काही कोणत्या धर्माची नसते. येशूच्या गोष्टीतल्या शोमरोन्यानं रस्त्यात पडलेल्या माणसाच्या जखमेवर तेल ओतलं, तुम्ही पण तेलच ठेवलं होतं, त्यात ज्येष्ठांना काय खटकलं मला कळेना. त्यांना विचारा, गीतपुस्तकात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं किती आहेत. टिळक उघड सांगायचे की मी तुकोबांच्या पुलावरनं ख्रिस्ताच्या पायाशी आलो. तो पूल ज्या रस्त्यावर आहे त्याच रस्त्यानं हे लोक चाललेत.

पत्रिका नको. तहानलेल्या माणसाच्या एका हातात ग्लास असताना दुसऱ्या हातात कागद कोंबला की पाण्याची चव जाते. कोणी विचारलं तुम्ही कोण बाबा, तर सांगा, लपवू नका. विचारतात लोक. वारकरी फार गप्पिष्ट असतात.

प्रश्न : सलाम. आम्ही जालना जिल्ह्यातले जुने ख्रिस्ती शेतकरी, वीस एकर आहे, मंडळीत वडील म्हणूनही आहे. आमचा सालगडी सात वर्षांपासनं आहे. त्याला रोज सकाळी त्याच्या कपात चहा देतो, दोन्ही टाइम जेवण, दर शनिवारी त्याच्यासोबत प्रार्थना पण करतो. तरी यंदा म्हणायलाय पाडव्याला साल वाढवा नाहीतर दुसरीकडं जातो. तीन वर्षांपासनं तेच साल आहे हे खरं, पण सोयाबीनला भाव कुठंय. एवढं करून कृतज्ञता नाही. अशा माणसाला ख्रिस्ताचं प्रेम कसं दाखवावं? (जालना जिल्हा)

उत्तर : भाऊसाहेब, भावाचं तुमचं म्हणणं मला पटतं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ जाहीर झाला आणि मोंढ्यात हातात किती पडले ते मी वर एका पत्राच्या उत्तरात लिहिलंच आहे. पण तीन वर्षांत तेल, डाळ, लेकराची वही, दवाखाना, हे सगळं त्याला पण वाढीव भावानंच घ्यावं लागलं ना. तुमचं नुकसान झालं तर शेत राहतं, त्याच्याकडं साल सोडून काय आहे.

याकोब पाचव्या अध्यायात लिहितो की शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं सेनाधीश परमेश्वराच्या कानी जातं. तुम्ही मजुरी अडकवली नाही, मान्य. पण अनुवादात मजुराला त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्या म्हणलंय, कारण त्याचा जीव त्यात लागलेला असतो. जीव कशात लागलाय ते देवाला आधी दिसतं, आपल्याला शनिवारची प्रार्थना आधी दिसते.

रूथच्या पुस्तकातला शेतमालक बवाज शेतात आला तेव्हा तो पण कापणाऱ्यांना म्हणाला परमेश्वर तुमच्याबरोबर असो. तेवढ्यावर थांबला असता तर त्याच्या शेतात सरवा वेचायला आलेली परकी विधवा रूथ उपाशी राहिली असती. त्यानं गड्यांना सांगितलं की पेंढ्यातली कणसं मुद्दाम खाली पडू द्या, ती सरवा वेचेल, तिला रागावू नका. संध्याकाळी तिनं झोडपलं तर एफाभर सातू निघाले, आपल्या मापानं दहा-बारा किलो तरी. सरवा वेचून एवढं कधी निघतं का? त्यानं टाकायला लावलं म्हणून निघालं, आणि तिला मागावं लागलं नाही.

म्हणून पाडव्याच्या आधी आठ दिवस तुम्हीच त्याला बसवा आणि आकडा तुम्हीच सांगा, तीन वर्षांचा मिळून. त्याला दारात उभं राहून मागायला लावू नका. परवडत नसेल तर तसं सरळ सांगा आणि तो दुसरीकडं गेला तर राग धरू नका, सात वर्षं त्यानं तुमचं शेत केलंय. प्रार्थना त्याला आवडते का, तेही एकदा विचारा, सालगडी मालकाला नाही म्हणत नसतो.

आणि एक. तुम्ही पत्रात "त्याच्या कपात" असं लिहिलंय. मी ते दोनदा वाचलं. तो कप घरात इतर कपांबरोबर असतो का, का बाहेर गोठ्याच्या भिंतीच्या कोनाड्यात, ते पुढच्या पत्रात कळवा.